उसना ऑक्सिजन : निळीच्या मळ्यांपासून हेब्बाळच्या चौकापर्यंत

बेंगळुरूच्या उत्तरेस हेब्बाळ येथे बल्लारी रस्ता आणि बाह्य वर्तुळाकार रस्ता एकमेकांना भेटतात. २००८ साली देवनहळ्ळीजवळचा विमानतळ सुरू झाला आणि शहरातून तिकडे जाणाऱ्या वाहनांचा मोठा ओघ येथील उड्डाणपुलावरून वाहू लागला. पुलाच्या दक्षिणेस काही किलोमीटरवर भारतीय विज्ञान संस्था आहे. उत्तरेस जक्कूर येथे १९८९ साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र आहे. खुद्द हेब्बाळमध्ये हवेतील प्रदूषकांची सतत नोंद घेणारे केंद्र आहे. अशा केंद्रांनी ज्या घटकांवर लक्ष ठेवावे अशी अपेक्षा असते, त्यांत बेंझीनचाही समावेश होतो. नोव्हेंबर २००९ मध्ये अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय मानकानुसार एक घनमीटर हवेत बेंझीनचे वार्षिक सरासरी प्रमाण ५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये.

विज्ञानवार्तांमध्ये अधूनमधून एका विशिष्ट आशयाची बातमी येते : अमुक संस्थेत धातूच्या ऑक्साइडचा नॅनोरचित उत्प्रेरक तयार झाला, त्याच्या साहाय्याने अरोमॅटिक हायड्रोकार्बनचे ऑक्सिडीकरण कमी तापमानाला, हवेतील ऑक्सिजन वापरून आणि कमी कचरा निर्माण करून होते. बातमी चार ओळींची असते आणि वाचक पुढे जातो. त्या चार ओळींमागे मात्र सव्वाशे वर्षांचा इतिहास उभा आहे. त्यात बिहारमधील निळीचे मळे आहेत, दोन महायुद्धांपैकी पहिले आहे, हॉलंडच्या कोळसा-प्रदेशातील एक प्रयोगशाळा आहे, आणि भारतीय विज्ञान संस्थेच्या एका भट्टीत भडकलेली ज्योतही आहे. या साऱ्या प्रवासाला जोडणारा प्रश्न एकच : रेणूला ऑक्सिजन द्यायचा तो कोणी, किती आणि कोठवर?

अर्धवट जाळण्याची कला

बेंझीन, टोल्यूइन, झायलीन, नॅफ्थलीन ही अरोमॅटिक हायड्रोकार्बनांची परिचित नावे. बेंझीनमध्ये सहा कार्बन अणूंचे एक वलय असते. टोल्यूइनमध्ये त्या वलयाला एक मिथिल गट जोडलेला असतो, झायलीनमध्ये दोन. कपाटात ठेवल्या जाणाऱ्या डांबरगोळ्यांचा जुना घटक असलेल्या नॅफ्थलीनमध्ये दोन वलये एका बाजूने चिकटलेली असतात. वलयातील इलेक्ट्रॉन साऱ्या अणूंमध्ये वाटले गेलेले असल्यामुळे हे रेणू स्थिर असतात व सहजी फुटत नाहीत. मात्र एकदा फुटू लागले की थांबणेही अवघड. ऑक्सिजनच्या सान्निध्यात त्यांची शेवटची अवस्था कार्बन डायऑक्साइड आणि पाणी हीच असते.

रसायन-उद्योगाला नेमके हेच नको असते. टोल्यूइनचे ऑक्सिडीकरण मध्येच थांबले तर बेंझाल्डिहाइड किंवा बेंझोइक आम्ल मिळते. ऑर्थो-झायलीनचे थांबले तर थॅलिक अनहायड्राइड. पॅरा-झायलीनचे थांबले तर टेरेफ्थॅलिक आम्ल, ज्यापासून पॉलिएस्टरचा धागा आणि पाण्याच्या बाटल्या बनतात. थांबले नाही तर महागडा कच्चा माल केवळ धूर होऊन जातो. शहराची गरज याच्या अगदी उलट आहे. वाहनाच्या धुरातील बेंझीन अर्धवट जळणे शहराला परवडत नाही. ते शेवटपर्यंत जळायला हवे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बेंझीनची गणना माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटातील द्रव्यांत केली आहे. म्हणजे रेणू तेच, ऑक्सिजन तोच, आणि अनेकदा उत्प्रेरकांचे घराणेही तेच. एका ठिकाणी थांबण्याचे कौशल्य हवे, दुसऱ्या ठिकाणी न थांबण्याचे.

निळीचा धडा

अरोमॅटिक रेणूंच्या ऑक्सिडीकरणाचा भारताशी पहिला मोठा संबंध आला तो भारताच्या नुकसानीतून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतील बीएएसएफ ही कंपनी प्रयोगशाळेत नीळ बनवण्याच्या खटपटीत होती. कार्ल ह्यूमान यांनी १८९० साली दाखवलेला मार्ग अँथ्रॅनिलिक आम्लातून जात होता. ते आम्ल थॅलिक अनहायड्राइडपासून मिळे आणि थॅलिक अनहायड्राइड नॅफ्थलीनच्या ऑक्सिडीकरणातून. अडचण होती ती या शेवटच्या पायरीची. क्रोमिक आम्ल वापरून ती साधत असे, पण खर्च न परवडणारा होता. तीव्र गंधकाम्लात नॅफ्थलीन तापवले असता अभिक्रिया फारच मंद चाले. पुढे असे सांगितले जाते, की ऑयगेन झापर यांच्या प्रयोगात तापमापक फुटला, त्यातील पारा मिश्रणात सांडला आणि अभिक्रियेने एकदम वेग घेतला. पारा येथे उत्प्रेरक ठरला होता. १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आली.

नॅफ्थलीन दगडी कोळशाच्या डांबरातून मिळत होते आणि ते डांबर जर्मनीकडे मुबलक होते. नैसर्गिक निळीचे भाव पाहता पाहता कोसळले. चंपारणातील गोऱ्या मळेवाल्यांनी आपला तोटा रयतेच्या खांद्यावर टाकला. निळीची सक्ती सोडवून घ्यायची तर शेतकऱ्याने वाढीव खंड कबूल करावा किंवा रोख भरपाई द्यावी, असा हा व्यवहार होता. १९१७ च्या चंपारण सत्याग्रहामागे जी गाऱ्हाणी होती, त्यांत या वाढीव खंडाचे गाऱ्हाणे ठळक होते. एका अरोमॅटिक रेणूचे ऑक्सिडीकरण स्वस्त झाले आणि हजारो मैलांवरच्या शेतकऱ्याचा खंड वाढला, इतका हा संबंध थेट आहे. उत्प्रेरकाचे ज्ञान कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता कधीच नव्हता.

युद्ध आणि व्हॅनेडियम

पहिल्या महायुद्धात जर्मन रसायनांचा पुरवठा तुटला आणि इतर देशांना आपापल्या प्रयोगशाळांकडे वळावे लागले. बेंगळुरूतही याचे पडसाद उमटले. १९०९ साली स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान संस्थेत सडबरो आणि वॉटसन यांनी चंदनतेलाच्या ऊर्ध्वपातनावर काम केले व म्हैसूर संस्थानाने तेलाचा कारखाना काढला. तोवर म्हैसूरचे चंदनाचे लाकूड युरोपात जाऊन तेथे त्याचे तेल निघत असे.

त्याच काळात अमेरिकेच्या कृषी खात्याच्या रसायन विभागात हॅरी गिब्ज आणि कोर्टनी कोनोव्हर रंगद्रव्यांच्या टंचाईवर उपाय शोधत होते. त्यांनी गंधकाम्ल आणि पारा हे दोन्ही बाजूला सारले. नॅफ्थलीनची वाफ हवेत मिसळून ती तापलेल्या व्हॅनेडियम पेंटॉक्साइडवरून नेली, आणि बाहेर पडणारी वाफ थंड केली असता थॅलिक अनहायड्राइडच्या पांढऱ्या सुया मिळाल्या. ऑक्सिडीकारक म्हणून फुकटची हवा आणि उत्प्रेरक म्हणून एका धातूचे ऑक्साइड, एवढ्यावर काम भागले. जर्मनीत आल्फ्रेड व्होल यांनीही स्वतंत्रपणे हीच वाट शोधली होती. थोड्याच काळात वाइस आणि डाउन्स यांनी बेंझीनपासून मॅलेइक अनहायड्राइड मिळवण्यासाठी असाच मार्ग दाखवला.

या यशाच्या पोटात एक उधळपट्टी मात्र दडलेली होती. नॅफ्थलीनमध्ये दहा कार्बन अणू, थॅलिक अनहायड्राइडमध्ये आठ. उरलेले दोन कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातात. बेंझीनमध्ये सहा, मॅलेइक अनहायड्राइडमध्ये चार. येथेही दोन गेले. पुढे थॅलिक अनहायड्राइडसाठी नॅफ्थलीनऐवजी ऑर्थो-झायलीन वापरले जाऊ लागले, त्याचे एक मोठे कारण या साध्या हिशेबात आहे. ऑर्थो-झायलीनमध्ये आठच कार्बन असतात आणि अभिक्रिया आदर्शपणे चालली तर आठही उत्पादनात राहतात. रायगड जिल्ह्यातील तळोजा येथे आय जी पेट्रोकेमिकल्सच्या कारखान्यात थॅलिक अनहायड्राइड बनते ते याच मार्गाने. मऊ पीव्हीसी आणि अल्कीड रंग यांमागे हे द्रव्य असते. मॅलेइक अनहायड्राइडच्या बाबतीत उद्योगाने बेंझीनच सोडले आणि १९७० च्या दशकापासून ब्यूटेनकडे मोर्चा वळवला. दोन कार्बन वाया जाणे आणि बेंझीनचे विषारीपण, ही दोन्ही कारणे त्यामागे होती.

उसनवारीचा सिद्धान्त

व्हॅनेडियम ऑक्साइड हे काम नेमके कसे करते, याचे उत्तर मिळायला आणखी साडेतीन दशके लागली. सर्वसाधारण समज असा होता, की हवेतील ऑक्सिजन उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर येऊन बसतो, शेजारी हायड्रोकार्बन येऊन बसते आणि दोघे एकमेकांशी संयोग पावतात. हॉलंडमधील सरकारी खाणींच्या प्रयोगशाळेत पीटर मार्स आणि डिर्क विलेम व्हान क्रेव्हेलेन यांनी बेंझीन, टोल्यूइन, नॅफ्थलीन आणि अँथ्रॅसीन यांच्या ऑक्सिडीकरणाचे वेग मोजले. १९५४ साली त्यांनी वेगळे चित्र मांडले. हायड्रोकार्बनला मिळणारा ऑक्सिजन हवेतून थेट येत नाही. तो ऑक्साइडच्या स्वतःच्या स्फटिकजाळीतून येतो. जाळीतील ऑक्सिजन निघून गेला की तेथे एक रिकामी जागा पडते आणि व्हॅनेडियमची संयुजा पाचावरून खाली येते. मग हवेतील ऑक्सिजन ती रिकामी जागा भरून काढतो आणि उत्प्रेरक पूर्वस्थितीला येतो.

ही सरळसरळ उसनवारी आहे. ऑक्साइड स्वतःच्या कोठारातून ऑक्सिजन उसना देते आणि हवेकडून वसूल करते. देणे आणि वसुली यांचा वेग जुळला की अभिक्रिया अखंड चालू राहते. पुढे ऑक्सिजन-१८ हा जड समस्थानिक वापरून इतर ऑक्साइडांवर झालेल्या प्रयोगांतही असेच दिसले : वायूत जड ऑक्सिजन असतानाही सुरुवातीच्या उत्पादनात जाळीतील हलका ऑक्सिजन सापडला.

या सिद्धान्ताने थांबण्याच्या प्रश्नाला प्रथमच हाताळता येईल असे रूप दिले. ऑक्साइडने ऑक्सिजन फार घट्ट धरून ठेवला तर अभिक्रियाच होणार नाही; फार सैल सोडला तर हायड्रोकार्बन पुरते जळून जाईल. या दोन टोकांच्या मध्ये बेताने देणारे ऑक्साइड हवे. व्हॅनेडियम तसे आहे. मँगनीज आणि कोबाल्ट यांची ऑक्साइडे अधिक उदार असल्यामुळे संपूर्ण ज्वलनाच्या कामी त्यांचा मोठा अभ्यास झाला आहे. अर्थात हा केवळ कल दाखवणारा नियम होय; तापमान, ऑक्सिजनचे प्रमाण आणि रेणू पृष्ठभागावर किती काळ राहतो, यांनीही निकाल बदलतो.

नावाआधीचे नॅनो

जाळीतील ऑक्सिजन द्यायचा तर तो पृष्ठभागापर्यंत पोहोचला पाहिजे. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ अवघे सहा चौरस सेंटिमीटर असते. त्याच घनाचे दहा नॅनोमीटर बाजूचे बारीक घन केले तर एकूण पृष्ठफळ सहाशे चौरस मीटर होते. पदार्थ तेवढाच, वजन तेवढेच. फक्त उघडा पडलेला भाग दहा लाख पटींनी वाढला.

वाढ केवळ क्षेत्रफळाची नसते. लहान कणांना कडा आणि कोपरे पुष्कळ असतात, आणि तेथील ऑक्सिजन अणूला धरून ठेवणारे शेजारी कमी असतात. साहजिकच तो सोडवणे सोपे जाते. स्फटिकाच्या सर्व बाजूही सारख्या नसतात. सिरियम ऑक्साइडच्या नॅनोकणांना दांड्यांचा किंवा घनांचा आकार दिला तर ज्या प्रतलांवर ऑक्सिजन सैल असतो ती प्रतले अधिक उघडी पडतात. म्हणजे रासायनिक सूत्र न बदलता केवळ आकार बदलून उत्प्रेरकाचा स्वभाव बदलता येतो. ‘नॅनोरचित’ या विशेषणाचा खरा अर्थ हा आहे.

उद्योगाने मात्र हे नाव रूढ होण्याआधीच ही गोष्ट साधली होती. ऑर्थो-झायलीनसाठी वापरल्या जाणाऱ्या उत्प्रेरकात व्हॅनेडियम ऑक्साइड हे टायटॅनियम डायऑक्साइडच्या अ‍ॅनाटेज या रूपावर अतिशय पातळ थरात पसरलेले असते. सर्वांत कार्यक्षम भाग असतो तो जेमतेम एका रेणूच्या जाडीचा. तळाचे टायटॅनियम ऑक्साइड आणि वरचे व्हॅनेडियम यांच्यातील बंधामुळे ऑक्सिजन सोडण्याची ताकद बदलते.

पाच मिनिटांची ज्योत

आता पुन्हा बेंगळुरूकडे वळायचे. १९८० च्या दशकात भारतीय विज्ञान संस्थेच्या अकार्बनी व भौतिक रसायनशास्त्र विभागात काशिनाथ पाटील आणि त्यांचे विद्यार्थी बारीक कणांची ऑक्साइडे बनवण्याच्या सोप्या रीती शोधत होते. पाटील यांचा अभ्यासविषय हायड्रॅझीनची संयुगे हा होता. हायड्रॅझीन म्हणजे अग्निबाणांच्या इंधनाचे घराणे. याच संस्थेत जैन, अडिगा आणि पै वेर्णेकर यांनी १९८१ साली अग्निबाणाच्या घन इंधनात इंधन आणि ऑक्सिडीकारक यांचे प्रमाण ठरवण्याची सुटसुटीत पद्धत प्रसिद्ध केली होती. मूलद्रव्यांच्या संयुजांची बेरीज करायची आणि दोन्ही बाजू समतोल करायच्या, एवढीच तिची युक्ती.

पाटील आणि किंग्जली यांनी अ‍ॅल्युमिनियम नायट्रेट आणि युरिया पाण्यात विरघळवून ते द्रावण सुमारे ५०० अंश सेल्सियसला तापलेल्या मफल भट्टीत ठेवले. द्रावण उकळले, फसफसून फुगले आणि मग झगझगीत ज्योतीने पेटले. पाच मिनिटांच्या आत भांड्यात पांढरा, हलका, फेसासारखा पदार्थ उरला. तो अल्फा-अ‍ॅल्युमिना होता. एरवी अ‍ॅल्युमिनाचे हे रूप मिळवण्यासाठी हजार अंशांहून कितीतरी अधिक तापमानात दीर्घकाळ भाजावे लागते. येथे ती उष्णता भट्टीने दिलेली नव्हती. ती मिश्रणाच्या आतूनच, नायट्रेट आणि युरिया यांच्या ज्वलनातून आलेली होती. १९८८ साली ‘मटेरियल्स लेटर्स’ या नियतकालिकात हे काम प्रसिद्ध झाले.

या ज्योतीचा हिशेब शाळकरी विद्यार्थ्यालाही पडताळता येतो. अ‍ॅल्युमिनियम नायट्रेटची ऑक्सिडीकारक संयुजा १५ येते. युरियाची क्षपणकारक संयुजा ६. म्हणून नायट्रेटच्या दोन रेणूंना युरियाचे पाच रेणू लागतात. या प्रमाणात ज्वलन पूर्ण झाले तर अ‍ॅल्युमिनाचा एक रेणू तयार होतो आणि त्याबरोबर कार्बन डायऑक्साइडचे पाच, नायट्रोजनचे आठ व पाण्याच्या वाफेचे दहा, असे वायूचे एकूण तेवीस रेणू सुटतात. घन पदार्थाच्या एका रेणूमागे तेवीस रेणू वायू बाहेर पडत असेल तर तो पदार्थ गोळा होऊन बसणार नाही. तो फुगेल, फुटेल, बारीक होईल. शिवाय ज्योत क्षणात विझत असल्यामुळे कणांना एकमेकांत वितळून मोठे होण्यास अवधी मिळत नाही.

इंधन बदलले की ज्योत बदलते आणि ज्योतीबरोबर कणही बदलतात. युरियाच्या जागी ग्लायसीन किंवा ऑक्झॅलिल डायहायड्रॅझाइड घेऊन नॅनोमीटरच्या मापातील सिरिया, झिर्कोनिया, फेराइटे आणि स्पिनेल वर्गातील इतर ऑक्साइडे बनवता येऊ लागली. ‘द्रावण-ज्वलन संश्लेषण’ या नावाने ही रीत जगभर पसरली. तिला महागडी उपकरणे लागत नाहीत. एक भट्टी, एक पसरट भांडे आणि अचूक तोललेली रसायने पुरतात. मर्यादित साधनांच्या महाविद्यालयीन प्रयोगशाळांनाही ती आपलीशी वाटली, याचे कारण हेच.

सिरियाच्या जाळीत पॅलेडियम

सी. एन. आर. राव यांनी १९७६ साली भारतीय विज्ञान संस्थेत स्थापन केलेल्या घनावस्था व संरचनात्मक रसायनशास्त्र विभागात एम. एस. हेगडे यांनी या ज्योतीचा उपयोग एका जुन्या अडचणीवर केला. वाहनांच्या धूर-शोधकात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे मौल्यवान धातू बारीक कणांच्या रूपात आधारद्रव्यावर बसवलेले असतात. तापमान वाढले की हे कण सरकतात, एकमेकांना मिळतात, मोठे होतात आणि पृष्ठफळ गमावतात. त्यांच्या सोबतीला सिरियम ऑक्साइड असते. धुरात ऑक्सिजन कमी पडला की ते आपला देते, जास्त झाला की साठवते. मार्स आणि व्हान क्रेव्हेलेन यांनी वर्णिलेली उसनवारी येथे गाडीच्या पोटात चालते.

हेगडे, पाटील, पार्थसारथी बेरा आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवले, की सिरियम आणि पॅलेडियमची संयुगे एकाच द्रावणात घेऊन ती ज्योत पेटवली असता पॅलेडियमचा मोठा भाग पृष्ठभागावर कण होऊन न बसता आयनांच्या रूपात सिरियाशी एकजीव होतो. शंभरातील एकदोन सिरियम आयनांच्या जागी पॅलेडियमचे आयन येतात. सिरियमचा भार चार, पॅलेडियमचा दोन. भाराचा हा तोटा भरून काढण्यासाठी जाळीला ऑक्सिजनची एक जागा रिकामी ठेवावी लागते, आणि अशा रिकाम्या जागांमुळेच ऑक्सिजनची देवघेव सुलभ होते. पॅलेडियम आयनरूपात जखडलेले असल्याने कण जमून मोठे होण्याची भीतीही कमी. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन यांच्या ऑक्सिडीकरणात तसेच नायट्रिक ऑक्साइडच्या क्षपणात ही द्रव्ये प्रभावी ठरली. हेगडे, गिरिधर मद्रास आणि पाटील यांनी २००९ साली या साऱ्या कामाचा आढावा घेतला.

हेब्बाळच्या चौकाशी याचा संबंध काय, हे समजण्यासाठी पेट्रोलचा इतिहास पाहावा लागतो. शिसे उत्प्रेरकाला निकामी करते. म्हणून १९९५ साली चार महानगरांत धूर-शोधकासह विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींसाठी शिसेविरहित पेट्रोल आले आणि २००० साली ते देशभर झाले. शिशामुळे मिळणारा ऑक्टेन अंक मात्र दुसरीकडून भरून काढणे आवश्यक होते आणि त्या कामी अरोमॅटिक हायड्रोकार्बन उपयोगी पडतात. त्यामुळे बेंझीनवर मर्यादा घालण्याची निकड निर्माण झाली. १ एप्रिल २०१० पासून बेंगळुरू, मुंबई, पुणे आणि सोलापूर यांसह तेरा शहरांत लागू झालेल्या भारत स्टेज-४ मानकात ही मर्यादा आकारमानाने एक टक्का होती. एक विष काढताना दुसऱ्याचा बंदोबस्त करावा लागला, असा हा प्रवास. उरलेल्या बेंझीनची विल्हेवाट उत्प्रेरकाने लावायची असते. पण गाडी सुरू झाल्यावर पहिल्या एकदोन मिनिटांत, तो पुरेसा तापेपर्यंत, धूर जवळजवळ तसाच बाहेर पडतो. ऑक्सिजन कमी तापमानाला सोडणाऱ्या नॅनोऑक्साइडांचा शोध इतक्या चिकाटीने चालतो, त्याचे एक कारण ही दोन मिनिटे आहेत.

थांबण्याची दुसरी बाजू

संपूर्ण ज्वलनाची बाजू अशी पुढे सरकत असताना मध्येच थांबण्याची बाजूही मागे राहिली नाही. टेरेफ्थॅलिक आम्ल बनवण्यासाठी १९५० च्या दशकात विकसित झालेली पद्धत आजही प्रमुख आहे. तीत कोबाल्ट, मँगनीज आणि ब्रोमाइड हे अ‍ॅसिटिक आम्लात विरघळलेले असतात. उत्पादन उत्तम मिळते. पण हे मिश्रण साध्या पोलादाला खाऊन टाकत असल्याने टायटॅनियमची पात्रे वापरावी लागतात आणि विरघळलेला उत्प्रेरक वेगळा काढण्याचा खटाटोप उरतो. गाळून काढता येईल, धुऊन पुन्हा वापरता येईल असा घन उत्प्रेरक हे म्हणूनच संशोधकांचे जुने ध्येय आहे.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने याच दिशेने महत्त्वाचे काम केले. इटलीतील संशोधकांनी १९८० च्या दशकात टायटॅनियमचे अणू सिलिकाच्या छिद्रमय जाळीत एकेकटे बसवून टीएस-१ नावाचे द्रव्य बनवले होते. पुण्यात रेड्डी, राजीव कुमार आणि पॉल रत्नसामी यांनी १९९० साली त्याचे भावंड टीएस-२ तयार केले. यांत हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साहाय्याने अरोमॅटिक वलयावर ऑक्सिजन चढवता येतो आणि उपउत्पादन म्हणून पाणी उरते. छिद्रे अर्ध्या नॅनोमीटरच्या आसपासची असल्यामुळे कोणता रेणू आत शिरेल आणि कोणता बाहेर पडेल, यावरही नियंत्रण राहते. बेंगळुरूच्या सिरियात आयन जाळीत बसतो तो सारे जाळण्यासाठी. पुण्याच्या टायटॅनियममध्ये तो बसतो नेमके एक पाऊल टाकून थांबण्यासाठी. तत्त्व एकच : धातूचा अणू गटाने न ठेवता जाळीत एकेकटा ठेवायचा आणि त्याचे शेजारी आपण निवडायचे.

बातमी वाचताना

प्रयोगशाळेतील ग्रॅमपासून कारखान्यातील टनापर्यंतचे अंतर मोठे असते, हेही या इतिहासाने शिकवले आहे. ज्वलन-संश्लेषणात शंभर ग्रॅमची ज्योत सांभाळणे आणि शंभर किलोची सांभाळणे या निराळ्या गोष्टी आहेत. प्रमाण थोडे चुकले की नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे सुटतात, आणि एका खेपेचे कण दुसऱ्या खेपेसारखे येतीलच असे नाही. नॅनोकणांचा जो गुण, तोच त्यांचा दोषही : पृष्ठफळ मोठे असल्यामुळे उष्णतेत ते एकमेकांत मिसळून जाऊ पाहतात.

म्हणून पुढच्या वेळी चार ओळींची ती बातमी दिसली, तर विद्यार्थ्यांनी तिच्याकडे चार प्रश्न घेऊन जावे. हायड्रोकार्बनचा किती भाग बदलला? बदललेल्यापैकी हवे ते उत्पादन किती आणि निव्वळ धूर किती? ऑक्सिडीकारक म्हणून फुकटची हवा वापरली, की महागडे पेरॉक्साइड? आणि तोच उत्प्रेरक कितव्यांदा वापरला तेव्हा त्याचा वेग मंदावला? पहिल्या आकड्याचा गाजावाजा अधिक होतो. उपयुक्तता ठरते ती उरलेल्या तिहींवर.

१८९७ साली हे प्रश्न विचारण्याची सोय भारतात नव्हती. रेणूचे ज्ञान एकीकडे होते आणि त्याचे परिणाम भोगणारा शेतकरी दुसरीकडे. आज भट्टी, ज्योत आणि मोजमाप तिन्ही येथेच आहेत, आणि परिणामही येथेच दिसतात : विज्ञान संस्थेतून निघून जक्कूरकडे जाणारा संशोधक हेब्बाळच्या पुलावर अडकतो, तेव्हा ज्या बेंझीनचा विचार तो दिवसभर करत होता, तेच त्याच्या श्वासात असते.